फळा पुसत राहिलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही ठाणे सोडताना तोंडावर आभार मानू दिले नाहीत, म्हणून हे चारचौघांत. वागळे इस्टेटमधला आपला साक्षरता वर्ग आता आम्ही तिघी चालवतो.

तुमच्या आधी तिथे शिकवायला कुणी आलंच नव्हतं असं नाही. आले, पहिलीची अंकलिपी घेऊन आले. पन्नाशीच्या बायकांकडून ‘अ अननसाचा’ सुरात म्हणून घेतलं, चुकलं की ‘एवढंसुद्धा येत नाही?’, आणि शेवटी बॅनरसमोर फोटो. वर्ग ओसरला तेव्हा शेरा काय, तर बायकांनाच शिकायचं नाही!

आणि मग तुम्ही. मावशी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला उठल्या तेव्हा खडू बोटांत थरथरत होता. तुम्ही त्यांच्याकडे पाठ केलीत आणि फळ्याचं दुसरं टोक पुसायला लागलात. ते टोक स्वच्छच होतं. तरी शेवटचं अक्षर होईपर्यंत पुसत राहिलात. मग वळून एवढंच, ‘झालं? वाचा बघू.’ टाळ्या नाहीत, शाब्बासकी नाही. मोठ्या माणसाचा मान राखणं यापेक्षा वेगळं काय असतं?

सुरुवात नावापासून का, तेही तुमच्यामुळेच कळलं. एखादीचं नाव कमल असेल तर क, म, ल हातात आलेच. तीच अक्षरं फिरवली की कलम. एक काना जोडला की काम, काल, माल, लाल, मका, आणि शेवटी कमाल. अख्खी बाराखडी एकदम दिली की वेलांट्यांचा गुंता होतो, म्हणून एक खूण पक्की बसेपर्यंत दुसरी काढायची नाही.

आकड्यांत मराठीच आडवी येते. ‘सदतीस’मध्ये आधी सात ऐकू येतात, म्हणून हात ७३ लिहितो. तुम्ही डावीकडे दहाच्या तीन नोटा, उजवीकडे रुपयाची सात नाणी ठेवायला लावायचात आणि आकडे त्यांच्याखाली लिहून घ्यायचात. शंभरातून सदतीस वजा करायला हातचा नंतर. भाजीवाली करते तसं आधी तीन देऊन चाळीस, मग साठ, म्हणजे ६३. हिशेब त्यांना येतच होता, फक्त कागदावर आणायचा होता. ‘उल्लास’ या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या १५० गुणांच्या चाचणीत संख्याज्ञानाला ५० गुण आहेत, त्यांची धास्ती या नोटांनीच घालवली. मोबाइलवरचा नऊ मात्र अजून काहीजणी एक वाचतात, कारण तो आपल्या १ सारखा दिसतो.

वाचनाचा सराव ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवर. पहिलं अक्षर ओळखून चढायची सवय किती महागात पडते! कल्याण, कर्जत, कसारा, तिन्ही ‘क’. कल्याणनंतर फाटा फुटतो. बदलापूरला जायचं असेल आणि कसारा गाडीत बसलं तर संपलंच. म्हणून नजर दुसऱ्या अक्षरावर: ल्या, र्ज, सा. पाटीवरची भाषाही बदलत राहते, तेव्हा मराठी ओळ परत येईपर्यंत घाबरायचं नाही, हेसुद्धा शिकवावंच लागतं.

चष्म्याचं तर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुस्तक हातभर लांब धरणारीला अक्षर ‘येत नाही’ असं आम्ही समजत होतो. तिला ते दिसतच नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, शिकवायच्या आधी डोळे तपासून घ्या, हे तुमचं पहिलं वाक्य आता आमचंही आहे. वर्ग दुपारी दोनला, कारण संध्याकाळी नळाला पाणी येतं. आठवडाभर न आलेली परत आली तर ‘कुठे होता?’ न विचारता सरकून जागा करायची. आणि एखादा शब्द अडला की ‘मला माहीत नाही, उद्या सांगते’ म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचं. चांगुलपणा म्हणजे बहुतेक अशाच, कुणी मोजत नाही अशा गोष्टी असाव्यात.

एक गोष्ट मात्र अडलीय. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की अजून ७९ लिहितात, कानाला ‘सत्तर’ लागतं ना. सत्तर रुपये मांडून एक काढून घेतला, तरी दुसऱ्या दिवशी तेच. ठाण्याला याल तेव्हा दुपारी दोनला वर्गावर या, नोटा आम्ही तयार ठेवतो.

तुमच्या,
वर्गातल्या तिघी