उपग्रहाच्या नकाशात आमचा धुरा दिसत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पीक नुकसानीच्या उपग्रह-पाहणीची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘शेतनिहाय तंतोतंत नोंद, बांधावर जाण्याची गरज संपली’ असे तुम्ही ठळक टायपात छापले आहे. एका पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यात, किती जमीन मावते, एवढे जरी बातमीदाराने विचारले असते तरी हा मथळा छापला गेला नसता.

मी भूमापनात नोकरी केली आहे, म्हणून हिशेब मांडतो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात, त्यामुळे अशा कामांत ती सर्रास वापरतात. त्यांचा सर्वांत बारीक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. अर्ध्या एकराचे वावर 40 बाय 50 मीटरचे धरले तर चित्रात त्याचे 20 ठिपके होतात. त्यांतले 14 काठावरचे. काठावरच्या ठिपक्यात थोडे माझे पीक, थोडी धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ आणि थोडे शेजाऱ्याचे पीक असे सगळे मिसळलेले असते. निखळ माझे उरतात सहा. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या ठिपक्यांवरून ‘तंतोतंत’ कसे ठरते, ते बातमीत कुठेही नाही.

एका चित्रात असे ठिपके 10,980 गुणिले 10,980, म्हणजे बारा कोटींवर असतात. ते हाताने रेखणे शक्य नाही, म्हणून तुकडे पाडायचे काम संगणकाला देतात. रूढ पद्धतींपैकी एकीत एकेका ठिपक्यापासून सुरुवात होते. सारखे दिसणारे शेजारी जोडत जायचे आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की थांबायचे. ही मर्यादा कार्यालयात बसलेला माणूस ठरवतो. ती कमी ठेवली तर एका वावराचे पाच तुकडे होतात, जास्त ठेवली तर पाच वावरांचा एक. तुमची बातमी वाचून मात्र वाटते की उपग्रहानेच वरून प्रत्येकाचा धुरा पाहून रेषा ओढली.

माझ्याच वावराचे सांगतो. नाल्याकाठी माझे अर्धा एकर आहे. मागच्या खरिपात त्यातल्या 12 गुंठ्यांत पाणी तुंबले आणि सोयाबीन जागेवर सडले. विम्याच्या पाहणीसाठी एका खासगी कंपनीने नकाशा केला होता. त्यात माझे वावर आणि लागूनचे शेजाऱ्याचे साडेतीन एकर मिळून एकच तुकडा निघाला, कारण दोघांचे सोयाबीन एकाच आठवड्यात पेरलेले. चार एकरांत 12 गुंठे म्हणजे साडेसात टक्के. माझ्या वावरात तेच 60 टक्के आहेत. नकाशावर माझे नुकसान ‘किरकोळ’ ठरले. विचारायला गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, “काका, सॉफ्टवेअरने पॉलिगॉन तसाच काढलाय, आम्हाला बदलता येत नाही.” हे धादांत खोटे आहे. पॉलिगॉन म्हणजे नकाशावर आखलेला तुकडा; तो तोडणे-जोडणे हे अशा सॉफ्टवेअरमधले रोजचे काम आहे. त्यांना ते करायचे नव्हते.

अचूकतेचे टक्केही जपून छापावेत. ती ठिपक्यांवर मोजली तर मोठी सलग वावरे बरोबर आली की आकडा फुगतो, आणि अर्ध्या-अर्ध्या एकराची वावरे शेजाऱ्यात विरघळली तरी तो फारसा उतरत नाही. किती वावरांची हद्द बरोबर आली, हे वेगळे मोजावे लागते. आमच्यासारख्यांचा प्रश्न तिथेच आहे.

माझा विरोध तंत्राला नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्समधल्या शेतांवर शिकवलेली पद्धत भारतातल्या लहान शेतांसाठी वापरली होती. त्यासाठी दीड मीटर पिक्सेलची चित्रे घेतली आणि इथली 10,000 शेते माणसांकडून रेखून घेतली. एवढी मेहनत घेतली तर काम होते. आपल्याकडे तर गटांचे नकाशे संगणकावर आले आहेत, आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः वावरात उभा राहून फोटो देतो. गटाची हद्द ओलांडून दोन खातेदारांची वावरे जोडायची नाहीत, एवढा एक नियम घातला तरी माझ्यासारखी कितीतरी प्रकरणे टळतील. ज्या गटात अनेक हिस्सेदार आहेत, तिथे तलाठ्याने जाऊन पाहिलेच पाहिजे.

आणखी एक. बातमीसोबतच्या चित्राखाली ‘लाल पट्टे म्हणजे नुकसानग्रस्त भाग’ असे लिहिले आहे. अशा चित्रांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांना लाल रंग देतात, आणि निरोगी हिरवे पीक ते किरण जोरात परावर्तित करते. म्हणजे तुम्ही जिल्ह्यातले सर्वांत चांगले पीक बुडालेले म्हणून छापले. चित्रावर तारीख नाही, प्रमाणही नाही. याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जि. वाशीम