झोपाळा विकायचा नाही

पुणे, रविवार

ति. बाबा आणि ति. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण बाबा, तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देता आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय.

शिमग्याला ड्रोनवाला पोरगा आला होता ना, तो पालखीचे फोटो काढायला आला नव्हता. आपल्या घराचे काढत होता. मी खोटं बोलले. घर विकायचं दिवाळीत तुम्हीच ठरवलंत, पण "गावात बोभाटा नको" ही तुमची अट होती. मी तर नेटवर जाहिरात लावली, तीही पैसे भरून. तीन महिन्यांचे साडेनऊ हजार. (आई, दचकू नकोस, बोनसमधले होते.)

फुकटची जाहिरात नव्या आल्या की खाली खाली जाते, पैसे भरलेली वर राहते. कोथरूडचा फ्लॅट विकताना त्याचा उपयोग झाला होता, कारण तिथे एकसारखे शेकडो फ्लॅट. पण आपल्या पंचक्रोशीत जांभ्याची कौलारू घरं विकायला आहेतच किती? दोनदा बोट फिरवलं की यादी संपते. वर काय नि खाली काय! तेव्हा हे सुचलं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर तुम्ही सत्तरीत कौलांवर चढलात, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. घाई झाली मला.

एकतीस फोन आले, त्यांतले एकोणीस दलालांचे. उरलेले बहुतेक आगराशी अडले. ती शेतजमीन, घेणारा शेतकरीच हवा, एवढं ऐकलं की "कळवतो" म्हणायचे. एकाने घर पाडायचा खर्च विचारला, तेव्हा मीच फोन ठेवला. दलाल निदान व्यवहार झाल्यावर हात पुढे करतो, हे पैसे मात्र आधीच गेले.

उपयोग झाला तो फोटोंचा. माझ्या मोबाइलमध्ये माजघर म्हणजे नुसता काळोख. त्या पोराने दारं-खिडक्या उघडून सकाळच्या उन्हात काढलं. ते फोटो फुकटच्या जाहिरातीतही चालतात. म्हणून मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे नाहीत, तसं मी कळवूनही टाकलं.

आता खरी बातमी. ठाण्याचं एक जोडपं शनिवारी घर बघायला येतंय. त्यांना कळलं ते गुरवांच्या भाच्याकडून, फोटो मागाहून पाहिले. बोभाट्यानंच गिऱ्हाईक आणलं, बाबा! त्यांच्या नावावर जुन्नरला शेती आहे, त्यामुळे आगराचीही अडचण नाही.

सातबाऱ्यावर आत्याचं नाव आहे, तेवढं मार्गी लावायला हवं. हक्कसोडपत्र नोंदवायचं, मग फेरफार. मी तिच्याशी बोलले. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "दादा बोलावील तेव्हा येते." तुम्ही स्वतः फोन करा. तिचंही माहेर आहे ते.

शनिवारी मागच्या पडवीची गळती लपवू नका. रहाट ओढून दाखवायला जाऊ नका. बीपीची गोळी वेळेवर घ्या, पाहुणे आले म्हणून चुकवायची नाही. आई, सोलं अंगणातून उचलू नकोस, वाळू देत. आणि त्यांना जेवूनच जा म्हणत बसू नकोस, चहा पुरे.

इथे तुमची खोली पूर्वेची आहे, संडास लागूनच. बांगडे गावासारखे मिळणार नाहीत, ते मान्य. पण डॉक्टर खालच्याच गल्लीत आहेत.

ओटीवरचा झोपाळा विक्रीत नाही, असं मी जाहिरातीतच लिहिलंय. तापात मला मांडीवर घेऊन तुम्ही पायाने झोका द्यायचात आणि पाढे म्हणायचात. एकोणतीसचा अजून त्याच ठेक्यात येतो मला. बाल्कनीत हूक बसवायला सुतार गुरुवारी येतोय. दोन कड्यांमधलं अंतर आणि फळीची लांबी मोजून पाठवा. टेप आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. स्टुलावर मात्र तुम्ही चढू नका, शेजारच्या पोराला बोलवा.

तुमची,
बाळी