सहल सूचना: इमॅजिका, खोपोली (शुक्रवार)

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवार-रविवारच्या रांगा टाळायच्या म्हणून वार मुद्दाम शुक्रवार ठेवला आहे.

नाव देताना थीम पार्क की वॉटर पार्क हे नक्की लिहा. दोन्हींची तिकिटे वेगळी आहेत आणि एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर धड एकही होत नाही. वॉटर पार्कवाल्यांनी नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे घ्यावेत. सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत.

मुलांची उंची घरीच, अनवाणी मोजा. मोठ्या राइड्सवर वय नाही, उंची बघतात. तासभर रांगेत उभे राहून दारातून परत आलेले मूल दिवसभर रुसते. पाठदुखी, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर 'नायट्रो' या मोठ्या रोलर कोस्टरच्या वाटेला जाऊ नका.

गेट उघडताच रोलर कोस्टरवाल्यांनी थेट 'नायट्रो' गाठावी, इतरांनी 'आय फॉर इंडिया' ही पडद्यावर भारताची हवाई सफर घडवणारी राइड. 'राजासॉरस' या पाण्यातल्या राइडमध्ये भिजायला होते, म्हणून ती जेवणानंतर, कडक उन्हात. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी हवीच. दीड वाजता सगळे जेवायला एकत्र. फोनवर शोधाशोध नको, ठरलेल्या जागी या.

ज्येष्ठांपैकी कोणाला राइड्स नकोच असतील तर तिकिटाचा खर्च कशाला? पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्याला पुढे आहे. किमान पाच जण झाले तर वेगळी गाडी करू. नावे बुधवारपर्यंत द्या, नंतर तिकिटांची संख्या बदलणार नाही.