संज्या, ठिपका जुळला!

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय संज्या,

ठिपका जुळला! हवेनं पसरणारा लेसरचा ठिपका आरशानं गोळा केला, असं घरात सांगितलं तर आई म्हणाली, "बरं झालं, आता जेवायला बस." म्हणून तुला लिहितोय. इथं सगळे बरे, आईचे गुडघे तसेच.

दुसऱ्या कॉलेजातून मागून आणलेला तो वाकणारा आरसा शेवटी चालला. लेसरच्या वाटेखाली विजेची शेगडी लावली की गरम हवेनं ठिपका फुटून थरथरायचा. आता शॅक-हार्टमन सेन्सरची बारकी भिंगं वेव्हफ्रंट, म्हणजे प्रकाशलहरीची आघाडी, कुठं किती वाकडा झालाय ते सांगतात आणि मागचे ॲक्च्युएटर, म्हणजे ढकलणारे बारके भाग, आरशाला हवा तसा बाक देतात. बघता बघता लाल चट्टा आत गोळा झाला. मध्ये टोकदार ठिपका, भोवती एक फिकट कडं. पोरं ओरडली, "सर, लई भारी!" खगोलशास्त्रज्ञ बॅबकॉकनं १९५३ साली कागदावर मांडलेली कल्पना आपल्या टेबलावर चालली रे!

पण शेगडीशेजारी पंखा लावला की सगळं बिनसतं. कॅमेरा सेकंदाला १०० फ्रेम देतो. मोजून, गणित करून आरसा हलेपर्यंत दोन फ्रेम, म्हणजे २० मिलिसेकंद जातात. तोवर ती हवा पुढं गेलेली. गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, वाढवला तर आरसाच झोके घेतो, कमी केला तर ठिपका पसरतो. मोठ्या दुर्बिणींवर ही दुरुस्ती सेकंदाला हजारेक वेळा होते. तसला कॅमेरा आम्हाला परवडत नाही, आणि आरसा महिनाअखेरीस परत द्यायचाय. झोप उडालीय माझी.

पन्हाळ्यावर सज्जा कोठीपाशी भांडलो होतो, आठवतंय? तू म्हणायचास, हवेनं बिघडलेला फोटो तसाच काढा, नंतर सॉफ्टवेअरनं साफ करा. भांडता भांडता माझी भजीपण संपवलीस! फोटोचं ठीक आहे. पण उपग्रहाकडं लेसर पाठवायचा तर नंतर साफ काय करणार? प्रकाश पोचलाच नाही ना तिथं! हे मी आजही सोडणार नाही.

मात्र हवेतली गडबड वाऱ्याबरोबर बरीचशी तशीच पुढं सरकते. म्हणजे पुढचा आकार आधी ओळखता येईल. तू मोटारींसाठी काल्मन फिल्टर, म्हणजे आधीच्या मोजमापांवरून पुढचा अंदाज बांधणारं गणित, लिहितोस ना, तोच इथं बसवायचा. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

सेन्सरचा डेटा मेल केलाय, पंखा लावून घेतलेला आधी बघ. आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघच. मिसळ माझ्याकडं.

तुझा,
बाळ्या