अळीला सवय झाली नव्हती, बाबा

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. परवा बाबा फोनवर म्हणाले, "इतकी वर्षं हैदराबादेत त्या जंतूंचं नेमकं केलंस तरी काय?" फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आई, तू वाचून दाखव.

2017 ची कपाशी आठवते? अळीला मारणारं विष झाडातच असलेलं बीटी वाण असूनही बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अळीला सवय झाली, दारुड्याला दारूची होते तशी." मी "हो" म्हणून फोन ठेवला. खरं तर माझी सगळी नोकरी याच एका वाक्याशी भांडण्यात गेलीय.

माझे जंतू म्हणजे ई. कोलाय, आपल्या आतड्यात राहणारे. खुराक चांगला असला की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्यांनाही रोग होतो. फाज नावाचा विषाणू जंतूवर बसतो, आपली जनुकं आत सोडतो आणि थोड्याच वेळात जंतू फोडून त्याची पिलावळ बाहेर पडते. गढूळ नळी बघता बघता नितळ होते. तरी त्यातून दोन-चार जंतू वाचतात. फाज ज्या दारावर बसतो, ते दारच त्यांच्यात बिघडलेलं असतं. आता प्रश्न असा की ते फाज आल्यावर बिघडलं, की आधीच बिघडलेलं होतं?

1943 मध्ये लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. लुरियांना युक्ती सुचली ती एका नाचाच्या कार्यक्रमात, जुगाराच्या यंत्रापाशी. पुष्कळदा हाती काही नाही, मधेच एकदम नाण्यांचा ढीग. त्यांनी वेगवेगळ्या नळ्यांत थोडे थोडे जंतू वाढवले आणि मग प्रत्येक नळी फाजपुढं ओतली. सवय लागत असती, तर सगळ्या नळ्यांतून साधारण सारखेच वाचले असते. तसं झालं नाही. बऱ्याच नळ्यांत एकही नाही, एखादीत मात्र शेकड्यानं! म्हणजे त्या नळीत फाज यायच्या आधीच, अगदी सुरुवातीच्या पिढ्यांत, एखादा बिघडलेला जन्मला होता आणि त्याचा गोतावळा वाढला होता.

आई, 1994 च्या दिवाळीत मी तुझ्याकडं सुती मखमलीचे चौकोन मागितले होते. "आता बाहुल्यांचे कपडे शिवतेस का?" म्हणालीस, पण शिलाई बाजूला ठेवून कापून दिलेस. ते वाफेत निर्जंतुक करून गोल ठोकळ्यावर ताणायचे. जंतूंचे ठिपके उठलेली थाळी त्यावर अलगद दाबायची, की मखमलीच्या लवेला प्रत्येक ठिपक्यातले थोडे जंतू चिकटतात. मग फाज घातलेल्या नव्या थाळ्या त्यावर दाबायच्या. रांगोळीच्या छाप्यासारखा सगळीकडं तोच नकाशा. वाचलेला ठिपका प्रत्येक थाळीत त्याच जागी आला, तर फाज कधीच न पाहिलेल्या मूळ थाळीतही तिथं तो होताच. ही युक्ती 1952 ची, एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याची. 1958 चं नोबेल नवऱ्याला मिळालं, एस्थरबाईंना नाही. तू म्हणशील, त्यात नवल ते काय.

तर बाबा, अळीला सवय झाली नव्हती. बीटी पचवणाऱ्या मोजक्या अळ्या आधीच होत्या. बाकीच्या मेल्या आणि त्यांना रान मोकळं झालं.

आता जे सांगायचं राहून गेलं ते. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियाण्याचं 120 ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं असायचं. त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बहुतेक बीटीला पुन्हा बळी पडते. तुम्ही गड्याला सांगायचात, "ठेव तिकडं, उगवलं नाही तिथं नांग्या भरायला होईल." सुट्टीत आले की ओसरीवर पडलेलं ते पाकीट मला दिसायचं. हेच तर मी रोज थाळ्यांवर बघत होते. पण शेतीतलं तुम्हाला काय शिकवायचं, म्हणून गप्प बसले. आपल्या एका शेतानं सगळ्या मानवत तालुक्यातली अळी थांबली नसती, हेही खरं. तरी बोलायला हवं होतं.

पोळ्याला येते. मखमलीचा शेवटचा चौकोन आणतेय आई, डाग आहेत, पण लव अजून शाबूत आहे.

तुमची
धाकटी