ज्याच्या हातात पाना, त्याला आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं चारचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. चोवीस वर्षं झाली. दोन मिस्त्री, दोन हेल्पर आणि मी, एवढाच संसार. छोट्या गॅरेजवाल्यांनी वही सोडून संगणकावर यावं, असं हल्ली जो तो सांगतो. आम्ही आलो, आणि पहिल्या खेपेला तोंडघशी पडलो. का पडलो, ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचं गॅरेजचं सॉफ्टवेअर घेतलं. दिसायला देखणं. पण पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी ‘सेल्फ’ टाकलं, तर काही सापडेना. त्यात नाव ‘स्टार्टर मोटर’. ‘शॉकप’ नाही, ‘पाटा’ नाही, अल्टरनेटरला आमचे जुने मिस्त्री आजही डायनमो म्हणतात, तेही नाही. इंजिनचं हेड सपाट करून घ्यायला (हेड फेसिंग) बाहेर लेथवर पाठवलं, तर ‘बाहेरचं काम’ लिहायला जागा नाही. इंजिन खोलल्यावर खर्च वाढला, तर आधीचा अंदाज बदलता येईना. आणि पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय जॉब कार्ड, म्हणजे त्या गाडीच्या कामाची नोंद, बंदच होत नसे. आमची निम्मी गिऱ्हाइकं ऊसवाली. कायद्याने ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत उसाचं बिल मिळायला हवं. ते लांबलं की आमचंही लांबतं. ‘बिल आलं की देतो’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याची गाडी मी अडवून ठेवू का? उधारी हा आमच्या धंद्यातला दोष नाही, तो आमचा शेजारधर्म आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. आमचं बिल मात्र जुनेच २८ टक्के छापत राहिलं. फोन केला, तर ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’. दहा दिवस बिलं हाताने लिहिली. पुढे वर्गणी संपली आणि आमच्याच गाड्यांच्या नोंदी आम्हाला उघडेनात. कुठल्या गाडीचा टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलला, हे गिऱ्हाईक विचारायचं आणि मी गप्प. पुन्हा लांब वही काढली.

यंदा इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुली आल्या. त्यांनाही असंच सॉफ्टवेअर करायचं होतं. मी अट घातली : आधी महिनाभर इथे येऊन बसा, मग करा. त्या खरंच बसल्या, ऑइलचे रिकामे डबे उलटे घालून.

पहिला आठवडा वाया गेला, आणि तो दोष आमचा. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की मिस्त्री म्हणायचे, ‘छान आहे.’ मालक समोर उभा, विचारणाऱ्या शिकलेल्या. दुसरं काय बोलणार? मी चहाच्या वेळी बाहेर जायला लागलो, तेव्हा खरं बाहेर आलं. मुलींनी प्रत्येक कामाला घड्याळ लावलं होतं, सुरू केल्यापासून संपेपर्यंत. त्या दिवशी मालवणहून आलेली गाडी रॅम्पवर होती. खाऱ्या हवेने खालचे बोल्ट गंजून धरलेले. एका लोअर आर्मच्या बोल्टाला दोन तास गेले. तेल सोडलं, तापवला, तेव्हा कुठे हलला. स्क्रीनवर लाल खूण. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “ताई, ह्यो वेळ माझा मोजताय का बोल्टाचा?”

पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ गेलं होतं. त्या जागी एक मोठं बटण आलं, ‘अडलंय’. ते दाबलं की चार कारणं : पार्ट नाही, बाहेरचं काम, गिऱ्हाइकाचा होकार यायचाय, गंजलंय. बटण एवढं मोठं की ग्रीसच्या बोटानेही दाबता येतं. आता गाडी का थांबली ते मला शेजारच्या पेठेत बसूनही कळतं, आणि बहुतेक वेळा कारण असतं पार्टची वाट.

दुसरी सूचना हेल्परची. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्यांना बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर लावावाच लागतो. पी ०४२० कोड आला की लोक थेट धूर शुद्ध करणारं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात. पण कधी एक्झॉस्टला गळती असते, कधी ऑक्सिजन सेन्सर गेलेला असतो. तो म्हणाला, कोडच्या शेजारी ‘खरं कारण काय निघालं’ ते लिहायला जागा द्या. दिली. मिस्त्रींच्या डोक्यातली तीस वर्षं अशी हळूहळू नोंदीत उतरताहेत, आणि शिकाऊ पोरं ती वाचताहेत. ह्याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

माझं मागणं सॉफ्टवेअर कंपन्यांना आणि कॉलेजांना आहे. मिस्त्रींचा अभिप्राय म्हणजे दहा मिनिटांची प्रश्नावली नव्हे. मिस्त्री जितका वेळ देतो, तितकी त्याची मजुरी बुडते, ती द्या. कल्पना त्याची असेल तर नाव त्याचं लावा. आणि वर्गणी संपली तरी नोंदी गॅरेजला उतरवून घेता आल्या पाहिजेत, त्या गाड्या आमच्या हाताखालून गेल्या आहेत.

ज्या कुणा विद्यार्थ्यांना यायचं असेल त्यांनी यावं. सोमवारी गॅरेज बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी. चपला नकोत, बूट घालून या; खाली ऑइल असतं.

– एक गॅरेजचालक, उद्यमनगर, कोल्हापूर