मडगार्ड हरवलं म्हणून खोका बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. किटचे (खोक्यातले) सुटे प्लॅस्टिकचे भाग जोडून तू करत होतास त्या छोट्या ट्रकचं डावं मडगार्ड हरवलं, ताडपत्री तर खोक्यात आलीच नव्हती, म्हणून अर्धवट मॉडेल तू माळ्यावर टाकलंस. वाचून चुटपुट लागली. अरे, तो खोका खाली काढ. हे दोन्ही भाग घरातल्या वस्तूंतून होतात, आणि विकतच्यापेक्षा सरस होतात.

उजवं मडगार्ड हातात घे आणि त्याची कड बघ. साधारण १ मिलिमीटर जाड असेल. तुझं मॉडेल १:३५ चं, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, म्हणजे खऱ्या ट्रकवर तो साडेतीन सेंटिमीटर जाडीचा पत्रा झाला! साच्यात प्लॅस्टिक नीट भरावं म्हणून कारखान्याला ती जाडी ठेवावी लागते, तुला नाही. शीतपेयाच्या रिकाम्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, १:३५ मध्ये साडेतीन मिलिमीटर. खरा पत्रा याहूनही पातळ असतो, पण डोळ्याला हे पटतं. म्हणून मी आधी जाडीचा हिशेब करतो आणि मगच घरात वस्तू शोधतो. जाडी मोजायला वेगळं उपकरणही लागत नाही. छपाईच्या साध्या कागदाचे शंभर ताव एकावर एक ठेवून पट्टीने मोज, सुमारे १० मिलिमीटर भरतील. एक ताव किती, ते लगेच कळतं.

उजव्या मडगार्डवर कागद दाबून आकार उतरवून घे, तो उलटा करून कॅनच्या पत्र्यावर आख आणि कात्रीने काप. कडा बोट कापतात, जपून. पेन्सिलीवर हलक्या हाताने वळव. रंग धरावा म्हणून दोन्ही बाजूंना बारीक पॉलिश पेपर मार. सांध्यात फट राहिली तर चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर सुपरग्लूचा एक थेंब सोड; क्षणात दगडासारखं घट्ट होतं. घासायचं ते लगेच घास, नंतर ते प्लॅस्टिकहून कडक होतं आणि भोवतालचं प्लॅस्टिकच आधी झिजतं.

ताडपत्रीसाठी खरं कापड वापरायचा मोह होईल. नको. रुमालाचा दोरा ०.२ मिलिमीटरचा धरला तरी १:३५ मध्ये तो सात मिलिमीटरचा दोर होतो. टिश्यू पेपरचे पदर सोडवून एकच पदर घे. सोललेल्या तांब्याच्या तारेच्या कमानी ट्रकवर बसव, त्यांवर तो पसर आणि निम्म्या पाण्यात कालवलेला पांढरा गोंद मऊ ब्रशने टेकवत जा. ब्रश ओढू नकोस, कागद फाटतो. ओला असतानाच दोन कमानींमध्ये किंचित झोळ दे. रात्रभर वाळू दे. सकाळी तो झोळ पाहिलास की मला आठवशील! मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

अँटेनासाठी किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर फिरवत धर, ज्योतीत नको. चकाकून लवायला लागला की बाजूला घे आणि ओढ. जोरात ओढलास तर केसासारखी तार, हळू ओढलास तर जाड. थंड होईपर्यंत ताण सोडू नकोस. खिडकी उघडी ठेव, धूर चांगला नसतो.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी, करायची तर टूथपिकच्या टोकाने ठेवलेले पांढऱ्या गोंदाचे ठिपके. वाळताना आकसतात, म्हणून थोडे मोठे ठेव.

एक डबा फक्त प्लॅस्टिकसाठी राखून ठेव. ज्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात ६ आकडा असतो ती पॉलिस्टायरीनची, किटच्या सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या गोंदाने, जुळते. ५ आकड्याचं कितीही सुंदर दिसलं तरी ठेवू नकोस, त्याला ते सिमेंट धरतच नाही.

ट्रकच्या खिडकीच्या काचेचं मात्र माझ्या अनुभवावरून ऐक. पारदर्शक वेष्टनातून कापलेली काच मी एकदा सुपरग्लूने चिकटवली आणि त्याच्या वाफेने तिच्यावर पांढरी साय धरली. तीन आठवड्यांचं काम होतं ते, फार वाईट वाटलं. तेव्हापासून काचेला पांढरा गोंदच.

उजव्या मडगार्डचा आकार कागदावर उतरवशील तेव्हा दोन प्रती काढ आणि एक मला पाठव. मीही इथे एक करून बघतो, पत्रासोबत पाठवीन. तुझ्याशी ताडून पाहू.

तुझाच,
मित्र